हिशेब रोज घेता, तर मतदानाआधी दाखवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

राज्यातील २९ महापालिकांचे मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झाले आणि दुसऱ्या दिवशी निकाल लागले. निकालानंतर तीस दिवसांत प्रत्येक उमेदवाराने, निवडून आलेल्याने आणि अनामत गमावलेल्यानेही, निवडणूक खर्चाचा अंतिम हिशेब शपथपत्रासह द्यायचा असतो. नगरपरिषद, जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत या निवडणुकांनाही हाच नियम आहे. कोणत्या प्रभागात किती पैसा वाहिला याच्या गप्पा चहाच्या टपरीवर रंगतात. पण त्या हिशेबात नक्की काय लिहिलेले असते, तो कोण तपासतो आणि मतदाराला तो कधी दिसतो, याची चर्चा वर्तमानपत्रांतही क्वचितच होते. म्हणून हे पत्र. विषय तपशिलाचा असल्याने ते जरा लांबले आहे.

आधी मर्यादांचे बघू. राज्य निवडणूक आयोगाने २०२५ च्या अखेरीस खर्चमर्यादा वाढवल्या. मुंबई, पुणे, नागपूर येथील नगरसेवकपदाच्या उमेदवाराला १५ लाख रुपये. पिंपरी-चिंचवड, नाशिक, ठाणे येथे १३ लाख. कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, छत्रपती संभाजीनगर, वसई-विरार येथे ११ लाख. बाकीच्या १९ महापालिकांत ९ लाख. ‘अ’ वर्ग नगरपरिषदेच्या थेट नगराध्यक्षाला १५ लाख आणि सदस्याला ५ लाख. नगरपंचायतीच्या सदस्याला सव्वादोन लाख. मुंबईत २०१७ साली ही मर्यादा १० लाख होती.

‘मर्यादा फार कमी आहे, म्हणून नाइलाजाने खोटे लिहावे लागते,’ हे उमेदवारांचे नेहमीचे म्हणणे. ते आकड्यांवर घासून पाहावे. मुंबईची २०११ ची लोकसंख्या १ कोटी २४ लाख आणि प्रभाग २२७, म्हणजे एका प्रभागात साधारण ५५ हजार माणसे. पंधरा लाखांना भागले तर माणशी २७ रुपये पडतात. लोकसभेला मर्यादा ९५ लाख आहे आणि महाराष्ट्रातल्या मतदारसंघात सरासरी एकोणीस लाखांवर मतदार आहेत. तिथे मतदारामागे पाच रुपयेही पडत नाहीत. पुण्यातल्या चार सदस्यांच्या प्रभागात एका पक्षाचे पॅनेल उभे राहिले, तर चौघांची मिळून मर्यादा ६० लाख होते. असे अनेक प्रभाग ज्यात मोडतात, त्या संपूर्ण विधानसभा मतदारसंघासाठी आमदारकीच्या उमेदवाराला मात्र ४० लाखच. तेव्हा निदान महापालिकेपुरती तरी मर्यादेची सबब चालणार नाही. ग्रामपंचायतीत ती काही अंशी खरी असेल, सदस्यासाठीचे आकडे तिथे हजारांत आहेत.

आता हिशेबाकडे वळू. उमेदवाराने निवडणुकीसाठी स्वतंत्र बँक खाते उघडायचे, खर्च त्यातून करायचा, दिवसाचा खर्च दुसऱ्या दिवशी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्यायचा आणि शेवटी सगळा गोषवारा प्रमाणकांसह (व्हाउचर) जोडायचा, अशी पद्धत आहे. त्यासाठी ‘ट्रू व्होटर’ हे मोबाइल अॅपही आयोगाने गेली काही वर्षे वापरात आणले आहे. चहा, वडापाव, खुर्ची, मंडपाचा चौरस फूट, ध्वनिक्षेपक, रिक्षा, जीप, उपरणे, टोपी, झेंडा, हँडबिल यांचे दर प्रशासन ठरवून दरसूची काढते. उमेदवाराने ‘आम्हाला मंडपवाल्याने फुकटात दिले’ म्हटले तरी दरसूचीप्रमाणे रक्कम धरली जावी, हा त्यामागचा हेतू.

आणि नेमकी इथेच गोम आहे. दर बांधून दिला की चोरी नगात होते. कोपरा सभेला दोनशे खुर्च्या असतात, हिशेबात चाळीस येतात. पदयात्रेत शंभर-सव्वाशे उपरणी दिसतात, बिल पंचवीसचे असते. परवानगी दोन रिक्षांची आणि प्रभागात फिरतात सहा. हँडबिलांच्या बाबतीत तर हे अगदी सोपे, कारण एकच मजकूर पाच हजार छापला की पन्नास हजार, हे कागदाकडे बघून कळत नाही. लोकसभा-विधानसभेच्या कायद्यातील कलम १२७-अ नुसार मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता पत्रकावर हवा आणि किती प्रती छापल्या हे मुद्रकाने कळवायचे असते. बहुतेक पत्रकांच्या तळाशी बारीक अक्षरात हा मजकूर असतोही. मुद्रकाने कळवलेली संख्या आणि उमेदवाराच्या हिशेबातील संख्या या दोन आकड्यांची गाठ मात्र कोणी घालून देत नाही.

दुसरी पळवाट तारखांची. खर्च मोजायचा तो नामनिर्देशनपत्र दाखल केल्यापासून निकालापर्यंत. महापालिकांचा कार्यक्रम १५ डिसेंबरला जाहीर झाला, अर्ज २३ ते ३० डिसेंबर या काळात घेतले गेले. शेवटच्या दिवशी अर्ज भरणाऱ्याला आचारसंहिता लागू असतानाही पंधरा दिवस हिशेबाशिवाय मिळाले. त्याआधीच्या दिवाळीतली उटण्याची पाकिटे, अष्टविनायकाच्या बस, हळदीकुंकवाची भांडी, ‘अमुक चषक’ क्रिकेट स्पर्धा, हे तर कुठल्याच वहीत येत नाही. विधानसभेसाठी केंद्रीय आयोगाची सूचना स्पष्ट आहे की साहित्य आधी तयार करून घेतले असले तरी ते अर्ज भरल्यानंतर प्रचारात वापरले, तर त्याची किंमत हिशेबात धरायची. स्थानिक निवडणुकीतही याच कसोटीवर तपासणी झाली, तर ऑक्टोबरच्या तारखेची बिले दाखवून डिसेंबरचा खर्च लपवता येणार नाही. मोजणीची सुरुवात आचारसंहितेच्या दिवसापासून केली तर आणखी बरे. सहली आणि भांडी त्यानेही सुटतील, पण निदान पंधरा दिवसांची ती फट बुजेल.

तिसरी गोष्ट पॅनेलची, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. फलकावर चौघांचे फोटो असतील तर खर्चाचे चार समान भाग करून चौघांच्या हिशेबात लिहिले जातात. कागदावर हे न्याय्य दिसते. प्रत्यक्षात पैसा बहुधा एकाचाच असतो, पॅनेलच्या ‘मेन’ उमेदवाराचा. उरलेल्या तिघांच्या, त्यातही राखीव जागांवर पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या महिलांच्या नावावर लाखोंचा खर्च चढतो आणि तो पैसा त्यांच्या डोळ्यांसमोरून कधी गेलेलाही नसतो. शपथपत्रावर सही मात्र त्यांचीच. उद्या नोटीस आली तर उत्तर त्यांनी द्यायचे. सभागृहात मतदानाची वेळ येते तेव्हा हे कर्ज कोणत्या रूपात फिटते, हे वेगळे सांगायला नको. खर्च किती, याच्याइतकाच पैसा कोणाचा, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

विधानसभेच्या हिशेबाच्या नमुन्यात तो विचारला जातो. स्वतःचा पैसा किती, पक्षाने दिलेला किती, इतरांकडून कर्ज, भेट किंवा देणगी म्हणून आलेला किती आणि कोणाकडून, असा तक्ता त्यात आहे. स्थानिक पातळीवर या तक्त्याची गरज उलट जास्त आहे. महापालिका अधिनियमातील कलम १०(१)(फ) नुसार महापालिकेच्या कंत्राटात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेला माणूस नगरसेवकपदाला अपात्र ठरतो. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मध्येही तशीच तरतूद आहे. म्हणजे नगरसेवकाने कंत्राटदार होऊ नये, याची काळजी कायद्याने घेतली. पण रस्ते, कचरा, टँकर, पथदिवे यांच्या कंत्राटदारानेच नगरसेवकाची निवडणूक काढून दिली, तर मतदाराला ते कळावे, याची सोय कुठे आहे? पाच हजार रुपयांच्या वरच्या प्रत्येक देणगी-कर्जामागचे नाव आणि त्या व्यक्तीचे किंवा तिच्या फर्मचे त्याच संस्थेत कंत्राट चालू आहे का, एवढे दोन रकाने हिशेबासोबत जाहीर झाले तरी बरेच काही उघड होईल.

आता शिक्षेचे पाहा. भारतीय दंड संहितेत १९२० साली घातलेल्या कलमानुसार निवडणुकीचा हिशेब न ठेवल्यास दंड पाचशे रुपयांपर्यंत होता आणि तो २०२४ पर्यंत, म्हणजे शंभर वर्षांवर, तसाच राहिला. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १७७ मध्ये तो पाच हजार झाला आहे. निवडणुकीत उतरलेल्या कोणाला या रकमेची धास्ती वाटेल, असे नाही. खरी धास्ती असते ती अपात्रतेची. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४-ब नुसार ठरलेल्या मुदतीत आणि ठरलेल्या रीतीने हिशेब दिला नाही आणि त्याला सबळ कारणही नसले, तर पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येते. महापालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषद यांच्या कायद्यांतही अशा तरतुदी आहेत.

या तरतुदीत सापडतो कोण? यादी उघडली की बहुतेक हरलेले. पडलो तर हिशेब कशाला, असे समजून घरी बसलेले अपक्ष. तीस दिवस निकालाऐवजी भलत्याच तारखेपासून मोजणारे किंवा तिसाव्या दिवशी सुट्टी आली म्हणून दुसऱ्या दिवशी गेलेले. खर्चच झाला नाही म्हणून कागद न दिलेले, ज्यांनी खरे तर ‘निरंक’ असा हिशेब द्यायचा होता. बिनविरोध निवडून आलेलेही यात सापडतात. निवडणूकच झाली नाही तर खर्च कसला, असे त्यांना वाटते. जिल्हाधिकाऱ्यांकडून शेकड्यांच्या संख्येने अपात्रतेचे आदेश निघतात आणि त्यांचा मजकूर बहुधा एकाच साच्याचा असतो. नांदेड जिल्ह्यातील एका ग्रामपंचायत प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली याबद्दल फटकारले. कसूर किती गंभीर याचा विचार न करता सरसकट पाच वर्षे लावणे बरोबर नाही, कसुरीच्या मानाने काळ ठरवला पाहिजे, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

आणि सुटतो कोण? ज्याच्याकडे लेखापाल आहे, जो एकोणतिसाव्या दिवशी व्यवस्थित टॅग लावलेली फाइल देतो, जिच्यात एकूण खर्च मर्यादेच्या पुष्कळ आत असतो आणि खुर्च्या चाळीस असतात. त्याच्या फाइलवर ‘मुदतीत प्राप्त’ असा शिक्का बसतो. काम संपले. हिशेब उशिरा देणारा अपात्र, खोटा देणारा माननीय, असा हा व्यवहार आहे.

यावर ‘कायद्यात तरतूदच नाही’ असे उत्तर अधिकारी देतात. ते पुरते खरे नाही. लोकसभा-विधानसभेला लागू असलेल्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १०-अ चे शब्द आणि आपल्या स्थानिक कायद्यांतील शब्द जवळजवळ सारखे आहेत: मुदतीत आणि विहित रीतीने हिशेब देण्यात कसूर. भोकर मतदारसंघाच्या २००९ च्या निवडणुकीतील अशोक चव्हाण यांच्या हिशेबावरून याच शब्दांचा अर्थ सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता. वर्तमानपत्रांतील जाहिरातींवर त्या हिशेबात ५,३७९ रुपये दाखवले होते आणि तक्रार ‘पेड न्यूज’ची, म्हणजे पैसे देऊन बातमीच्या रूपात छापून घेतलेल्या प्रचाराची होती. हिशेब वेळेत आला एवढे पाहून आयोगाने थांबायचे की तो खरा आहे का हेही तपासायचे, हा प्रश्न होता. ५ मे २०१४ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की हिशेब खरा आहे की नाही याची चौकशी करण्याचा अधिकार आयोगाला आहे. त्यानंतर केंद्रीय आयोगाने दिलेला प्रतिकूल आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रद्द केला, हेही नोंदवले पाहिजे. छापून आलेल्या मजकुराचा खर्च उमेदवाराने केला किंवा त्याला संमती दिली, हे पुराव्याने दाखवणे सोपे नसते. पण अधिकार आहे की नाही, हा मुद्दा निकालात निघाला आहे. संविधानाच्या २४३-ट आणि २४३-यक या अनुच्छेदांनी राज्य आयोगाला स्थानिक निवडणुकांचे अधीक्षण, निदेशन आणि नियंत्रण दिले आहे. सारख्या शब्दांचा सारखा अर्थ लावून राज्य आयोगाने खोट्या हिशेबांची चौकशी सुरू केली, तर त्यासाठी विधिमंडळाकडे जाण्याची गरज नाही.

विधिमंडळाकडे जावे लागेल ते मुदतींसाठी. यात फारशी गुंतागुंत नाही, तरी कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. विधानसभेच्या उमेदवाराने हिशेब द्यायचा ३० दिवसांत आणि निवडणूक याचिकेची, म्हणजे निकालाला न्यायालयात आव्हान देण्याची, मुदत ४५ दिवस. म्हणजे हरलेल्या उमेदवाराला किंवा कोणाही मतदाराला हिशेब बघून, तपासून, वकिलाकडे जायला पंधरा दिवस उरतात. केंद्राच्या निवडणूक संचालन नियमांतील नियम ८८ प्रमाणे एक रुपया शुल्क भरून कोणालाही तो हिशेब पाहता येतो. मर्यादेपेक्षा जास्त खर्च हा तिथे भ्रष्ट आचारच मानला आहे. आता स्थानिक कायदे उघडा. महापालिकेच्या निवडणुकीला आव्हान द्यायची मुदत १० दिवस, नगरपरिषदेला १० दिवस, ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेला १५ दिवस. हिशेबाला मात्र तीसच दिवस. दार बंद झाल्यावर किल्ली हातात मिळावी, तसा हा प्रकार. पैशाच्या वापराचा किंवा वाटपाचा आरोप घेऊन न्यायालयात जाणाऱ्याला समोरच्याचा अंतिम हिशेब पुरावा म्हणून जोडताच येत नाही, कारण तो अजून जन्मालाच आलेला नसतो.

याला दोन उपाय आहेत. याचिकेची मुदत ४५ दिवस करावी, किंवा अंतिम हिशेबाची मुदत सात दिवसांवर आणावी. दुसरा उपाय उमेदवारांना जाचक वाटेल, पण रोजचा हिशेब रोज दिलेला असेल तर शेवटी उरते काय? बेरीज, बँकेचा उतारा आणि शपथपत्र. ते सात दिवसांत जमत नसेल, तर रोजचा हिशेब रोज दिला जात नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

यापुढची मागणी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात स्वस्त आहे. रोज जमा होणारा हिशेब त्याच संध्याकाळी संकेतस्थळावर टाकावा. प्रभागनिहाय, उमेदवारनिहाय, आणि नुसती बेरीज नको. बाब, नग, दर, रक्कम, कोणाला दिली, प्रमाणक क्रमांक, पैसे कोणाचे. अॅपमध्ये हे भरले जातच आहे, म्हणजे नवे टंकलेखन नाही, नवा कर्मचारी नाही. आज रात्री ‘शिवाजी चौक कोपरा सभा, खुर्च्या ४०’ अशी नोंद दिसली, तर ती सभा आपल्या गच्चीवरून पाहणारे पन्नास लोक आजच सांगतील की खुर्च्या दोनशे होत्या. त्यांच्या मोबाइलमध्ये फोटोही असतील. हेच दीड महिन्याने विचारले तर कोणाला आठवणार? खर्च निरीक्षक आणि त्यांची चित्रीकरण पथके किती ठिकाणी पुरणार, हा प्रश्न मग इतका उरत नाही. उमेदवारांची मालमत्ता आणि गुन्ह्यांची शपथपत्रे मतदानाआधी जाहीर होतात, ती सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे. मतदाराला मतदानापूर्वी माहिती मिळण्याचा हक्क आहे, हे त्या निकालांचे सूत्र. उमेदवाराने आजवर किती कमावले हे कळते, तर या दहा दिवसांत किती उडवले हेही त्याच सूत्रात बसते.

समाजमाध्यमांबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण इथे तपासणी घरबसल्या होते. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरील राजकीय जाहिराती मेटाच्या जाहिरात-संग्रहात शोधता येतात. जाहिरात कोणी दिली आणि साधारण किती रकमेच्या टप्प्यात खर्च झाला, हे तिथे दिसते. गूगल आणि यूट्यूबच्या जाहिरातींसाठीही तशी सोय आहे. उमेदवाराचे नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत अशा दोन्ही प्रकारे शोधावे. ‘अमुक युवा मंच’, ‘आपला प्रभाग आपला माणूस’ अशा नावांची पानेही शोधावीत. जाहिराती बऱ्याचदा त्यांच्या नावावर असतात. हा खर्च हिशेबात नसेल तर तक्रारीला स्क्रीनशॉट आणि जाहिरातीचा क्रमांक जोडावा. व्हॉट्सअॅपचे घाऊक संदेश, रेकॉर्ड केलेले फोन आणि स्थानिक यूट्यूब वाहिन्यांवरच्या ‘मुलाखती’ मात्र या जाळ्यात येत नाहीत. तिथे बिलाशिवाय इलाज नाही.

पक्षांच्या खर्चाबद्दल थोडक्यात. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. उमेदवाराच्या प्रचारावर पक्षाने केलेला खर्च उमेदवाराच्याच खात्यात धरावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली कंवरलाल गुप्ता प्रकरणात म्हटले, आणि संसदेने लगेच कायद्यात स्पष्टीकरण घालून ते निष्प्रभ केले. २००३ साली ती सवलत मुख्यतः नेत्यांच्या प्रवासापुरती आकसली. तरी गल्लीतला फलक ‘पक्षाचा’ की ‘उमेदवाराचा’, हा वाद प्रत्येक निवडणुकीत होतो आणि प्रत्येक वेळी तो पक्षाच्या पारड्यात टाकला जातो. फलकावर प्रभागाचा क्रमांक किंवा उमेदवाराचा फोटो असेल तर खर्च उमेदवाराचा, एवढा एक ओळीचा आदेश पुरे आहे.

दहा हजारांवर हिशेब तपासायचे कोणी, असा रास्त प्रश्न येतो. सगळे तपासूच नयेत. प्रत्येक संस्थेतल्या शंभरातल्या पाच उमेदवारांची नावे सोडत काढून निवडावीत आणि त्यांचे हिशेब स्थानिक निधी लेखापरीक्षा विभागाकडे द्यावेत. जिल्हा परिषदा आणि नगरपरिषदांची लेखापरीक्षा हा विभाग करतोच, मंडपवाल्याचे बिल कसे वाचायचे हे त्यांना शिकवावे लागणार नाही. मंडप, छपाई आणि वाहने या तीनच बाबी पुरवठादाराच्या वहीशी आणि जीएसटी बिलांशी पडताळल्या तरी बाकीचे आपोआप कळते. आपली चिठ्ठी निघू शकते, एवढी शंका असली तरी चाळीस खुर्च्यांच्या साठ होतील. साठच्या दोनशे व्हायला आणखी एखादी निवडणूक जाईल.

देणगीदारांची नावे उघड झाली तर त्यांना त्रास होईल, हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. हजार-पाचशे देणाऱ्या दुकानदाराचे नाव फलकावर लावण्याची गरज नाही. विरोधी गटाचा नगरसेवक निवडून आला तर त्याच्या दुकानापुढच्या गटाराचे काम दोन वर्षे होणार नाही, हे आपण सगळे जाणतो. म्हणूनच पाच हजारांचा उंबरठा. पत्ता आणि फोन क्रमांक झाकून नाव आणि रक्कम दाखवता येते. लाखाने देणाऱ्याला मात्र लाजण्याचे कारण नसावे.

हे सगळे होईल तेव्हा होईल. पुढच्या निवडणुकीत, विशेषतः ग्रामपंचायतीत, स्वतःच्या बळावर उभे राहणाऱ्यांनी आज काय करावे, तेही लिहितो. बँक खाते अर्ज भरण्याच्या आधी उघडा. जुने बचत खाते वापरू नका, घरखर्च आणि प्रचार एकत्र झाला की पुढे कोणताच आकडा सिद्ध करता येत नाही. यूपीआयने पैसे द्यायचे तर याच खात्याला जोडलेल्या क्रमांकावरून द्या, मुलाच्या फोनवरून नको. प्रत्येक बिलावर तारीख, नग आणि दर हवेत. ‘प्रचार साहित्य एकूण’ असे लिहिलेले बिल परत द्या. चहावाल्याकडे बिलबुक नसते, तेव्हा साध्या कागदावर त्याची सही, नाव आणि मोबाइल क्रमांक घ्या. मित्राची गाडी फुकट वापरली तरी दरसूचीप्रमाणे तिची रक्कम आणि इंधन लिहा. मतदानाच्या दिवशीच्या बूथवरच्या टेबल-खुर्च्या, प्रतिनिधींचे जेवण आणि मतमोजणीच्या दिवशीची गाडी हा खर्च सर्वांत जास्त वेळा राहून जातो. खर्च शून्य असेल त्या दिवशी ‘निरंक’ लिहून तो कागदही द्या. तीस दिवस निकालाच्या तारखेपासून मोजा आणि पंचविसाव्या दिवशीच फाइल द्या. अॅपवर भरले म्हणून निर्धास्त राहू नका. स्वाक्षरीची प्रत कार्यालयात देऊन आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्या. नोटीस आलीच तर उत्तर द्या. आजारपण, मृत्यू, पूर अशा कारणांचा कागद जोडा. नोटिशीला उत्तरच न देणाऱ्याची बाजू वरच्या न्यायालयात फार तोकडी पडते.

आणि मतदारांसाठी: माहितीच्या अधिकारात हा हिशेब मागता येतो. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, पानामागे दोन रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज दीडशे शब्दांत आणि एका विषयापुरता असावा लागतो, म्हणून एका अर्जात एकाच निवडणुकीचे हिशेब मागा. ग्रामपंचायतीसाठी तहसील कार्यालयाची निवडणूक शाखा, महापालिकेसाठी महापालिकेचा निवडणूक विभाग. ‘सर्व माहिती द्यावी’ असे मोघम लिहिले तर मोघमच उत्तर मिळते. प्रभाग क्रमांक, निवडणुकीचे वर्ष, ‘उमेदवारांनी सादर केलेले दैनंदिन व अंतिम खर्चाचे हिशेब, प्रमाणके आणि बँक उताऱ्यासह’ असे नेमके लिहा, आणि त्याखाली ‘त्यावर केलेल्या तपासणीचा अहवाल’ हेही मागा. पहिल्या मागणीला प्रती मिळतील. दुसरीला काय उत्तर येते ते आपल्या वृत्तपत्राकडे जरूर पाठवा.

आपला,
स्थानिक निवडणुकांच्या हिशेबांचे काम पाहणारा एक लेखापाल, सातारा